दानात आलेली, दानात गेलेली

मित्रांनो, मी एक जुनी अमेरिकन मोटार आहे. ‘आहे’ म्हणते खरी, पण चाकं, दारं, काचा, काहीच अंगावर उरलेलं नाही. ओझरच्या रस्त्याला एका गोदामामागे चार विटांवर माझा सांगाडा टेकवून ठेवला आहे. माझ्या कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. ती कधीच बुडाली, आणि नाव ऐकून तुम्ही ‘ही कुठली बुवा?’ असंच विचारणार.

लोक मला दुर्मीळ म्हणायचे. का, ते ऐका. आमच्या मॉडेलच्या बहुतेक गाड्या बंद टपाच्या निघाल्या. कापडी हूड मागे दुमडता येईल अशा मोजक्याच, कारण त्या महाग, आणि संसारी माणसाला त्यांचा उपयोग काय? त्यातून उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या, परदेशी पाठवायच्या, त्या तर आणखी कमी. मी त्यातलीच एक. इकडे आल्या त्यातल्या काही पावसात गंजल्या, काहींचे स्पेअर पार्ट मिळेनात म्हणून भंगारात गेल्या. दुर्मीळ म्हणजे दुसरं काही नाही हो, बाकीच्या मेल्या. जिवंत होतो तेव्हा आम्हाला कुणी विचारत नव्हतं.

मी आले ती एका संस्थानिकाकडे. तो वारला, आणि त्याच्या मुलाने नाशिकला येऊन गोदाकाठी श्राद्ध केलं. गेलेल्याच्या वापरातली वस्तू ब्राह्मणाला दान द्यायची असते. कुणी छत्री देतं, कुणी जोडे, कुणी पलंग. या पठ्ठ्याने चक्क बापाची मोटार दिली! पंचवटीतल्या एका तीर्थोपाध्यायांच्या दारात मी उभी राहिले, तेव्हा सगळी गल्ली बघायला लोटली. त्यांचा मुलगा ढुंढिराज तेव्हा मुंजीच्या वयाचा. तोच मला पुसायचा. पुढे तो ढुंढिराजगुरुजी झाला, पण मला हात लावायचा तो त्यानेच. दसऱ्याला झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. एवढं कौतुक डेट्रॉइटमध्ये माझं कुणी केलं नसतं.

पण पेट्रोल मी ढोसायचे, हे कबूल. गुरुजी एकदा काशीला गेलेले असताना त्यांच्या मुलाने, विश्वेशने, माझं इंजिन काढून टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. मूळचं भंगारवाला घेऊन गेला. विश्वेशच्या मनात खोट नव्हती, गाडी रोजच्या वापरात राहावी एवढंच त्याला वाटत होतं. तेव्हा सगळेच तसं करायचे. पण त्या दिवसापासून मी धूर ओकत, थरथरत चालू लागले, आणि काही वर्षांनी शेडमध्ये बसले ती बसलेच. जुन्या गाड्यांचे शौकीन यायचे, बॉनेट उघडायचे, चुकचुकायचे आणि निघून जायचे.

आता पुढच्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी गल्ली रुंद होणार, शेड पडणार असं ठरलं. मला ठेवायला दुसरी जागा नव्हती. आणि दानात आलेलं विकायचं नाही, हा त्या घरचा नेम. फार तर ते पुढे दान द्यावं. नेमका तेव्हाच रविराज भामरे आला. मूळचा नामपूरचा, कांद्याच्या व्यापारातला, जुन्या गाड्यांचं वेड लागलेला माणूस. माझ्या दारांवरून, डॅशबोर्डमधल्या घड्याळावरून त्याने इतक्या मायेने हात फिरवला की मला वाटलं, सुटले बाई, आता मी पुन्हा चालणार. गुरुजींनाही तेच वाटलं. डोळे मिटायच्या आत मला एकदा रस्त्यावर धावताना बघायचं, एवढ्यातच त्यांचा जीव अडकला होता.

त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई जरा सावध. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, नेऊन काय करणार आहेत, एवढं तरी विचारा."

"दानाला अट घालायची नसते," गुरुजी म्हणाले. "दिलं की ते आपलं राहिलं नाही."

मग त्यांनी रविराजच्या ओंजळीत तुळशीपत्र ठेवून पाणी सोडलं. उपाध्यायानेच यजमानासारखं दान दिलं म्हणून गल्लीत कुजबुज झाली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. "न मम", म्हणजे हे माझं नाही, असं म्हणून झाल्यावर मात्र त्यांनी मला एकदा शेवटचं पुसलं.

रविराजकडे माझ्याच मॉडेलची एक बहीण होती. तिचं इंजिन मूळचं, पण दारं कुजलेली, घड्याळ गेलेलं, हूडची चौकट मोडलेली. माझं नेमकं तेच सगळं शाबूत होतं. पुढचं काय सांगू? एकेक नट सोडवून माझे भाग काढले आणि तिला बसवले. त्याला तरी कसा दोष देऊ? दोन अर्ध्या गाड्यांची त्याला एक पुरी करायची होती. पण अर्धी का होईना, मी होते.

दसऱ्याला गुरुजी रविराजच्या गोदामावर रिक्षाने आले, माळ घेऊन. रविराज त्यांच्या पाया पडला आणि त्यांना बहिणीसमोर घेऊन गेला. ती नुसती लखलखत होती.

"गुरुजी, अशी आता देशात ही एकच," तो म्हणाला. "तुमच्या हातानं पूजा होऊ द्या."

माझं घड्याळ गुरुजींनी लगेच ओळखलं. तरी त्यांनी सगळी पूजा केली, एक मंत्र गाळला नाही. मग काठी टेकत ते गोदामामागे आले. माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं, "आणि हिचं काय करणार?"

"ते भंगारात जाईल, गुरुजी. येत्या सोमवारी टेम्पो येतोय."

  गुरुजी माझ्याशेजारी जमिनीवरच बसले. रविराजने खुर्ची आणली, तीही त्यांनी घेतली नाही.

मित्रांनो, जिवापाड जपलेलं काही दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ तुमच्यावरही येईल. तेव्हा भीड धरू नका. ‘याचं काय करणार?’ एवढं देण्याआधी विचारा. विचारलं म्हणून तुमचं देणं लहान होत नाही. गुरुजींनीही विचारलं, पण तोवर वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आज रविवार आहे.