सुटलेली पकड

छप्पन साली बुधाजी अडतीस वर्षांचा होता आणि त्यातली अठरा वर्षं तो पनवेलच्या बंदर संघातून हुतूतू खेळला होता. त्याची चढाई बघायला चिरनेरची माणसं शिदोरी बांधून पायी येत. पण दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा गुडघा दुखावला, तो पुन्हा धड झालाच नाही.

संघाचे चिटणीस होते कमळाकर दिवाणजी. बुधाजी ज्या मिठागरावर कामाला होता, त्याचा कारभारही तेच बघत. त्यामुळे संघातला हुकूम आणि कामावरचा हुकूम एकाच तोंडून यायचा.

त्या पौषात जिल्ह्याचे सामने पनवेललाच भरले. गावोगाव लावलेल्या कागदांवर सगळ्यांत वर बुधाजीचं नाव होतं. प्रत्यक्षात तीन दिवस त्याला दोरीच्या आत खुर्चीवर बसवून ठेवलं. लोक नाव घेऊन ओरडायचे, दिवाणजी त्याला उठून हात जोडायला लावायचे आणि पुन्हा खाली बसवायचे.

तिसऱ्या दिवशी सामना संपल्यावर तो दिवाणजींकडे गेला.

"दिवाणजी, खेळवायचं नसंल तर नाव काढा. लोकांना फशिवल्यासारखं वाटतं मना."

दिवाणजी रागावले नाहीत. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बुधाजी, तुला खेळवलं तर आपण हरू, हे तुलाही माहीत आहे. आणि तू नसलास तर मैदान भरणार नाही. मी काय करू, सांग."

"मना घरी बसू द्या."

"संघ सोडायचा म्हणतोस? मग मिठागरावरच्या मुकादमीचं बघावं लागेल. ती मालकांनी खेळाडू म्हणून दिलीय तुला. मी ठेवीन म्हटलं तरी ते ठेवणार नाहीत."

हे खरं होतं. बुधाजी घरी गेला.

शेवटचा सामना करंजाच्या संघाशी होता. संपायला दोन मिनिटं उरली, तेव्हा दोन्हीकडचे गुण सारखे होते. मागून कोणीतरी बुधाजीचं नाव घेतलं आणि बघता बघता सगळं मैदान तेच ओरडू लागलं. लोक दोरी ढकलून आत येऊ लागले, तसे दिवाणजी घाबरले. "जा," ते म्हणाले, "एक चढाई कर. नुसता जाऊन ये."

गुडघ्याला फडकं बांधून बुधाजी रेषा ओलांडून गेला. दम धरला, डावीकडे हूल दिली. पूर्वी त्या हुलीवर अख्खी फळी हलायची. आज कोणी हललं नाही. तो वळला तेवढ्यात काशीराम नावाच्या करंजाच्या तरुण गड्याने त्याची मांडी धरली. पकड पक्की होती. अठरा वर्षांत बुधाजीला एवढं कळत होतं की यातून आपण सुटत नाही. त्याचा दम संपत आला.

आणि हात सैल झाले.

बुधाजी पुढे कोसळला, बोटं रेषेपलीकडे टेकली. शिट्टी झाली. काशीराम बाद, पनवेलला एक गुण. उरलेला वेळ रेटून संघ जिंकला.

बुधाजी लंगडत करंजाच्या गड्यांकडे गेला. "का सोडलंस?"

काशीरामने मान खाली घातली. "सोडलं नाय, दादा. घामानं हात सरकला."

"खोटं बोलू नको माझ्याशी."

"माझा बा तुमचा खेळ बघायला मना खांद्यावर बसवून आणायचा," एवढंच बोलून तो आपल्या लोकांत गेला. तिथे त्याला शिव्या पडत होत्या.

बुधाजी पंचांकडे गेला आणि पकड मुद्दाम सोडलीय, गुण धरू नका म्हणाला. पंच म्हणाले, "रेषा गाठलीस. गडी बाद. यात माझ्या हातात काय आहे?" मग तो दिवाणजींकडे वळला, पण त्यांनी त्याला मिठीच मारली. तेवढ्यात लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. "खाली उतरवा," तो ओरडत होता. ताशांच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. गुडघ्यातून कळा येत होत्या आणि लोक त्याच पायाला धरून त्याला उचलत होते.

घरी त्याची बायको रंभा चुलीपाशी पाणी तापवत होती. ती बायकांच्या बाजूला बसून सामना बघून आली होती. तिने गुडघ्यावर गरम फडकं ठेवलं.

"मना दिसलं," ती म्हणाली. "त्या पोरानं हात सोडलं."

"हां."

"दिवाणजींना सांगितलंत?"

"ते म्हनतात, आता तर लोक तुलाच मागतील. पाडव्याला रोह्याला सामने हायत. नाव देऊन झालंय माझं."

रंभाने फडकं पिळलं आणि पुन्हा गरम पाण्यात बुडवलं.