अर्ध्यावर राहिलेली नदी

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या विणकरांच्या गावात माझा जन्म झाला. ओदिलोन नावाच्या विणकराने आपल्या लेकीसाठी मला घडवले. तिचे नाव एर्मेलिंदा. तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

आमच्याकडे माग उभ्याने चालवतात. एर्मेलिंदा दिवसभर माझ्या पायाने दाबायच्या पावड्यांवर डोलत असे. निवडुंगावरच्या किड्यांचा लाल, निळीचा निळा, झेंडूचा पिवळा असे रंग ती स्वतः लोकरीला चढवी. गावात सगळे पायऱ्या-चौकटींची जुनी नक्षी विणत. हिला मात्र दिसेल ते विणायचे असे: वाळत घातलेल्या मिरच्या, वादळाआधीचे आभाळ. लांबून लोक तिचे गालिचे बघायला येत आणि मलाही हात लावून बघत. खरे सांगतो, मला फार अभिमान वाटे.

पस्तिसाव्या वर्षी तिने गावाची नदी विणायला घेतली. नदी अर्धी झाली आणि भूकंप झाला. छप्पर कोसळले. माझे खरचटण्यावर निभावले, पण तिचे उजवे मनगट मोडले. हाड जुळले ते वाकडेच. त्यातच ओदिलोन अंथरुणाला खिळला. दोन वर्षे तिने त्याचे सगळे केले आणि तो गेला. त्यालाही वर्ष होत आले, तरी नदी माझ्यावर तशीच ताणलेली राहिली. माझ्यावर मक्याची कणसे वाळत पडू लागली. अंगणात तिची पावले वाजली की वाटे, आता येईल. ती यायची, कणसे उचलायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची.

एके सकाळी शेजारचे फिदेन्सियो आले.

"कुजत ठेवण्यापेक्षा हा माग माझ्या सुनेला दे की," ते म्हणाले. "तुला काय, कणसं कुठंही वाळतील!"

"उद्या घेऊन जा, काका," ती म्हणाली.

दुपारी ती कात्री घेऊन आली. अर्धी नदी कापून मला रिकामे करायचे होते. पण शेवटची ओळ सैल पडली होती. तशी सोडवेना, म्हणून तिने लोकर ओवली आणि पावडीवर पाय ठेवला. तीन वर्षांनी! माझे सारे लाकूड करकरले. मनगट वळेना, ओळ वाकडी गेली. तिने उसवली, पुन्हा विणली, पुन्हा उसवली.

तिची म्हातारी आत्या सेनोबिया ओसरीवर मका सोलत बसली होती. "अगं, उसवतेस कशाला?"

"पूर्वीसारखी जमत नाही, आत्या."

"पूर्वीचा हात भूकंपात गेला, बये. आहे त्या हाताला काय येतं ते तरी बघ."

"लोक हसतील."

"हसू देत. पहिली मीच हसते, हे बघ!" आत्याने बोळके उघडून दाखवले. एर्मेलिंदाला हसू फुटले आणि हसता हसता ती रडली. ती ओळ मात्र तिने उसवली नाही.

दुसऱ्या दिवशी फिदेन्सियो गाडी घेऊन आले, तेव्हा ती पावड्यांवर उभी होती.

"काका, माग नाही मिळणार. सुनेला इकडंच पाठवा, मी शिकवते."

पूर्वी ती दिवसाला वीतभर विणायची, आता बोटभर. काही दिवस तर नुसती उभी राहून परत जाई. त्या दिवशी मला करमत नसे. तिने डाव्या हाताला नवी सवय लावली. भूकंपानंतरची नदी दगडांवरून गेल्यासारखी हेलकावत विणली गेली, आणि वर्षाने पुरी झाली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाची पेटी, कुणाचा कुंचला थांबला असेल. ते विकायची घाई करू नका. आणि ते माणूस पुन्हा बसले, तर "पूर्वीसारखं जमतं का?" असे विचारू नका. तिच्या जुन्या वेगाची मला अजून आठवण येते, लपवत नाही. पण आज सकाळी तिने माझ्यावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवला आहे. काय विणणार, हे तिलाही अजून ठाऊक नाही. मी वाट बघतो आहे.