थांबलेलं म्हणजे संपलेलं नव्हे

मी तुर्भ्याच्या संगणक केंद्रातली माहितीपुस्तिका बोलतेय. निळा पुठ्ठा, दोन कड्या आणि पान एक्केचाळीसवर चहाचा डाग. हसू नका. त्र्याण्णव साली टायपिस्ट दुर्गाबाईंनी मला टाइप केलं तेव्हा माझ्यात एक काना चुकलेला नव्हता!

केंद्रात संगणक एकच, कपाटाएवढा. त्याच्या पोटात मात्र प्रोग्रॅमनं उभी केलेली बारा मानलेली यंत्रं चालायची. त्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला वाटे, अख्खा संगणक आपलाच. कुठलं यंत्र कुठल्या अवस्थेत आहे ते पडद्यावर दिसे आणि त्या अवस्थेचा अर्थ मी सांगे. ‘थांबलेलं : काम संपलं. पुसून टाकावं.’ तेव्हा ते खरंच होतं.

शहाण्णवमध्ये प्रोग्रॅम बदलला. थांबलेलं यंत्र आता अर्धं काम पोटात धरून बसू लागलं. दुरुस्तीचं पान पाकिटातून आलं. केंद्रप्रमुख कृष्णात साहेबांनी पाकिटावर ‘वाचले’ लिहून सही ठोकली आणि ते ड्रॉवरमध्ये टाकलं. सही केली की माणसांना काम झाल्यासारखं वाटतं. मी आपली ऐटीत खोटं बोलत राहिले.

खाडीकाठच्या करावे गावची जयमाला, टेम्पररी ऑपरेटर. तिनं मला उघडलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि थांबलेलं यंत्र पुसलं. त्यात शेजारच्या टेबलावरच्या गीतांजलीनं तीन दिवस भरलेली कोपरखैरण्याच्या नळजोडण्यांची यादी होती.

“वाचता येत नाही तुला?” साहेब कडाडले. “सोमवारपासून येऊ नकोस.”

“वाचूनच केलंय, साहेब. तुमी बी वाचा ना!” तिनं मला त्यांच्यापुढे आपटलं. पाठ दुखली, पण बरं वाटलं.

साहेबांनी वाचलं. मग ड्रॉवर उघडला. पाकिटावरची स्वतःची सही बघत राहिले. “आयला,” म्हणाले, “चूक माझी गं. सोमवारी ये.”

“सोमवारी कशाला? आताच बसते. गीतांजली, तू सांग, मी यादी परत भरते. पन पैलं ह्या पुस्तिकेचं तोंड सुधरू द्या.”

पाकिटातल्या नव्या पानावर त्या अवस्थेला नाव दिलं होतं, ‘निलंबित’.

गीतांजली फिसकन हसली. “निलंबित? यानं काय लाच खाल्ली?”

“नांगरलेलं लिव,” जयमाला म्हणाली. “होडी नांगरली म्हंजे फुटली नाय. भरती आली की परत जायाची हाय.”

साहेबांनी स्वतः पेन उघडलं, ‘निलंबित’ खोडलं आणि लिहिलं, ‘नांगरलेलं : काम पोटात आहे. पुसू नये.’ मग ते पान माझ्या कड्यांत अडकवलं.

आता माझ्या कडा झिजल्यात. नवी पुस्तिका येणार म्हणे. येऊ दे, रद्दीत जायला मी घाबरत नाही. परवा नवीन लागलेली रंजिता एक यंत्र पुसायला निघाली होती. त्या शब्दाशी तिचं बोट अडलं. “अगं बाई, हे तर नांगरलंय,” म्हणाली आणि तिनं हात मागे घेतला.

शिळं वाक्य दिसलं की खोडा, बाबांनो. माझं वय बघून मान राखू नका. जी बिचारी माझ्यावर भरवसा ठेवून ओळीवर बोट ठेवते, तिचा राखा.