बाहेरगावी गेलेले गृहस्थ

रविवारी दुपारी साडेतीनला पाट्या रंगवणारे गृहस्थ बाहेरगावी गेले. म्हणजे मागच्या खोलीत, गाद्यांच्या ढिगाशेजारच्या खुर्चीत. लेकीसाठी मुलाकडची मंडळी आली की ते जात. हा त्यांचा चौथा दौरा.

आजार तसा शहाण्यासारखा, पायरीपायरीने आला. आधी टर्पेंटाइनचा वास येईनासा झाला. बायको म्हणाली, सर्दी. मग पाटीवरची अक्षरं शेवटाकडे बारीक होत गेली. एका दुकानदाराने विचारलं, "रंग वाचवताय का?" मग डावा हात मांडीवर आपला आपणच थरथरू लागला, पावलं तोकडी झाली, आवाज बसला, चेहऱ्यावर हसू उमटेना. नातेवाईक म्हणाले, तोंड फुगवून बसतात. शेजारी म्हणाले, घेत असतील. डॉक्टर म्हणाले, कंपवात. तो शब्द बायकोने फाइलीसकट कपाटात ठेवला आणि घरात 'अशक्तपणा' सुरू झाला. घेण्याची अफवा मात्र तिने खोडली नाही. दारुड्याच्या मुलीला स्थळं येतात.

"यजमान दिसत नाहीत?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"बाहेरगावी गेलेत. मोठ्या शोरूमचं काम मिळालंय."

भिंतीपलीकडे ते ऐकत होते. दोन वर्षांत मिळालेलं हे पहिलंच काम.

चारची गोळी राहिली होती. आवराआवरीत बायकोने गोळ्यांचा डबा बैठकीतल्या फुलदाणीमागे लपवला, आणि आता फुलदाणीपुढे पाहुणे बसले होते. सव्वाचार झाले. गोळी चुकली की अंगाचं लाकूड होई. हाक मारावी तर आवाज दारापर्यंत पोचत नव्हता. आणि पोचला असता तरी बाहेरगावच्या माणसाने हाक मारायची कशी?

साडेचारला मुलाची आई चहाचा दुसरा कप घेत म्हणाली, "आमच्याकडे लपवाछपवी नाही हं."

लेक उठली. फुलदाणी सरकवून तिने डबा घेतला.

"अगं, बस ना," बायको हळूच म्हणाली.

"बाबांची गोळी राहिलीय."

गोळी देऊन ती त्यांना खांद्याचा आधार देत बाहेर घेऊन आली. उंबऱ्यात त्यांचे पाय जमिनीला चिकटले. तिने आपलं पाऊल त्यांच्यापुढे आडवं धरलं. "बाबा, ओलांडा."

त्यांनी ओलांडलं. कोऱ्या चेहऱ्याने सगळ्यांकडे पाहिलं. ओठ हलले.

"काय म्हणतायत?" मुलाचे वडील पुढे वाकले.

"आत्ताच आलो म्हणतात," लेक म्हणाली. "गाडीला उशीर झाला."

"कुठली गाडी," बायको म्हणाली. "मागच्या खोलीत होते. मीच बसवलं होतं. कंपवात आहे त्यांना. तीन वर्षं झाली."

मुलाच्या आईने कप बशीत ठेवला. "हे आधी सांगायला हवं होतं."

"हो," बायको म्हणाली. "यापुढे येणाऱ्याला आधीच कळेल."

ती उठली, मागच्या खोलीतली खुर्ची ओढत पुढे आणली आणि रस्त्याकडच्या दारासमोर मांडली. दार उघडणाऱ्याला पहिला तोच माणूस दिसेल अशी.