मधला तुकडा

माझ्या ताईसारखी सरळ बाई शोधून सापडायची नाही, असं मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल. त्या शंभरही जणांनी मला आता खुशाल मूर्ख म्हणावं.

आई माझ्या बाळंतपणातच गेली. मला वाढवलं ते ताईने. ती तेव्हा स्वतःच शाळकरी पोर होती. आईचे फोटो आहेत, पण फोटोतलं माणूस हलत नाही. ती चालायची कशी, हसायची कशी, हे मला एकदा, फक्त एकदा बघायचं होतं. बाबांनी कॅमेऱ्यावर घेतलेली रिळं ताईच्या माळ्यावर होती. "आईचा भाग बुरशीने खाल्ला गं, टाकून दिला," ती म्हणायची. बाबा गेल्यावर उरलेली रिळं तिने मला दिली. म्हटलं, बुरशीतून आईची सावली तरी वाचली असेल. गेले घेऊन जुन्या फिल्म कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्याकडे.

माणूस बडबड्या, पण हात हळुवार. मऊ फडक्यातून फिल्म ओढताना एकाएकी थांबला.

"इथे जोड आहे. चिकटपट्टी नवी दिसतेय. जुनी असती तर पिवळी पडून सुटली असती."

"बुरशी लागलेलं कापलं असेल."

"छे हो! दोन्हीकडची फिल्म स्वच्छ आहे." त्याने जोडाअलीकडचं चित्र पडद्यावर लावलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरेच्चा! हाच ठिपक्यांचा फ्रॉक, हेच फाटक! मधला तुकडा मागच्या वर्षी मीच उतरवून दिलाय की. तुमच्याच घरातल्या ना त्या, जाड चष्म्याच्या बाई? मी म्हटलंही त्यांना, सगळं रीळच आणा म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथूनच ताईला फोन लावला.

"ताई, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. आईचा तुकडा तुझ्याकडे आहे ना?"

"आहे."

"आणि मला बुरशीच्या गोष्टी सांगत होतीस?"

"त्यात तू नाहीस. ती तुझ्या आधीची आहे, माझी आई आहे." आवाज अगदी शांत. "तू आलीस आणि ती गेली. तुझं सगळं केलं मी, कधी बोलले? एवढं तरी माझं राहू दे."

फोन ठेवला तिने. माझी वेणी घालताना, तापात उशाशी बसताना हिच्या मनात हेच होतं? केसाने गळा कापणं म्हणतात, ते हेच. मला तिची चीड आली, आणि त्याहून जास्त माझीच लाज वाटली.

"माझ्याकडे कॉपी आहे," तो चाचरत म्हणाला, "पण त्यांना विचारल्याशिवाय..."

"आई काय तिची एकटीची आहे?" मी ओरडलेच.

त्याने ती पडद्यावर लावली.

फाटकातून आई आली. सावकाश, एक हात कमरेवर, पाठ मागे टाकून. पोट हे एवढं पुढे आलेलं. फ्रॉकवाल्या पोरीला, माझ्या ताईला, तिने जवळ ओढलं, तिचा हात धरून पोटावर ठेवला. पोर दचकली, मग कान लावून ऐकायला लागली. आई मान मागे टाकून हसली.

मला रडू आवरेना. पुन्हा फोन लावला.

"मी आहे गं त्यात."

ताई म्हणाली, "माहीत आहे मला."