पाच ठिकाणचे कुंकू

माझ्या वडिलांनी १९६४ साली घेतलेली मोटार मरोळच्या आमच्या इमारतीखाली आजही उभी आहे, आणि तिच्या सेवेत मी कधी कसूर केली नाही, अशी माझी परवापर्यंत दृढ समजूत होती. दोष एकच : स्टिअरिंग पाव फेरा फिरवल्यावाचून चाकांपर्यंत वार्ता पोहोचत नसे. म्हणून मी प्रत्येक वळण वळणाआधीच घेऊ लागलो आणि त्या व्यंगालाच माझे कौशल्य मानू लागलो. आरे कॉलनीत एका म्हशीने मोठ्या मनाने आम्हाला वाट करून दिली, तेव्हा माझी पत्नी सुनंदा म्हणाली, "दसऱ्याच्या आत ही नीट झाली नाही, तर भंगारात देईन. नुसतं बोलत नाहीये मी."

माझा एके काळचा विद्यार्थी धम्मपाल आता जुन्या गाड्यांचा नावाजलेला मेकॅनिक आहे. तो आला, गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर येईना.

"सर, ग्रीस भरायच्या तोंडांवर हा लाल दगड कसला?"

"कुंकू," मी अभिमानाने सांगितले. "दसऱ्याला ही पाच ठिकाणे चुकवू नकोस, असे वडील सांगून गेले. चाळीस वर्षे सोवळे नेसून, चटईवर उताणा होऊन मी ती पुजतो आहे."

"आणि ग्रीस?"

"कसले ग्रीस?"

धम्मपाल सरपटत बाहेर आला. "सर, ते आधी ग्रीस भरत असणार. भरून झालं की खूण म्हणून कुंकू. तुम्ही नुसती खूणच केलीत ना! आतले सांधे कोरडे झिजलेत सगळे."

मला आठवले. वडील पहाटेच गाडीखाली जात. संध्या आटोपून मी उतरे, तोवर ताजे कुंकूच काय ते दिसे. श्लोकाचा पूर्वार्ध पाठ झाल्यावाचून वर्गातल्या मुलांना उत्तरार्धाला हात लावू न देणारा मी! सुनंदा पदर तोंडाला लावून हसत होती.

आठवड्याने नवे सांधे बसले. सुनंदा शेजारी, धम्मपाल मागे, असे आम्ही आरेत गेलो. वळण दिसताच मी सवयीने आधीच स्टिअरिंग फिरवले. गाडीने तत्क्षणी आज्ञा पाळून आम्हाला गवतात नेऊन उभे केले.

"वाट लागली!" धम्मपाल म्हणाला. "सर, ती सुधारली. आता तुम्ही सुधरा ना."

"भंगारात नाही जायची ही," सुनंदा म्हणाली. "पण तुम्ही उतरा. इकडे बसा."

नातीची गाडी रोज चालवणाऱ्या तिने ते वळण बिनचूक घेतले.

दसऱ्याला गाडीखाली जाण्याचा अधिकार मात्र माझ्याकडेच राहिला. कुंकवाचा करंडा सुनंदाकडे असतो. ग्रीसने माखलेले दोन्ही हात दाखवल्यावरच ती तो उघडते.