पाचवी वाटी

सकाळ. पाच वाट्या.

बाबांची किडनी थकलेली. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी बांधून दिलं होतं: पाच वाट्या. पाजायची सून, पहारा नणंदेचा. वाट्या मोजून रुंद पातेल्यात ओतायच्या, पातेलं उशाशी, पंख्याखाली. झाकण नाही, कारण पातळी येता-जाता दिसली पाहिजे. विश्वास त्या घरातून कधीच उठून गेला होता.

संध्याकाळ. पातेलं कोरडं.

सुनेने चारच वाट्या पाजल्या होत्या. तिने तसं सांगितलं. नणंद म्हणाली, मग पाचवी भुताने प्यायली का? चोरून पाचवी पाजतेस, वर सहावी मागशील; जीव घेशील त्यांचा. उद्यापासून चारच.

शिक्षा सुनेला. तहान बाबांना.

दुसरा दिवस. चार.

म्हणजे पोटात तीन. बाबा अंग पुसायच्या ओल्या फडक्याचं टोक चोखू लागले. सुनेने ते ओढून घेतलं, खुर्चीच्या पाठीवर टाकलं. तासाभराने हात लावला तर खडखडीत. ऊन नाही, शेगडी नाही.

ती फडक्याकडे बघत राहिली. मग पातेल्याकडे.

नणंदेला सांगितलं, तर ती हसली. न उकळता पाणी उडतं होय? मग विहिरी कशा राहिल्या?

तिसरा दिवस. बाबांना चारच. सुनेच्या हट्टाने पाच वेगळ्या, नणंदेच्या खोलीत.

तसंच पातेलं, तसाच पंखा. वाट्या नणंदेनेच मोजल्या, कुलूप तिनेच लावलं, किल्ली तिच्याच कमरेला. दिवसभर दोघींनी भांडी तेवढी आपटली.

संध्याकाळी पाणी वाटीने परत मोजलं. चार. चौथीही काठोकाठ नाही.

"वन्सं, तुमच्या खोलीत कोण प्यायलं?"

नणंदेने खिडकी तपासली. बंद होती. पातेल्याचा तळ बोटाने चाचपला. भोक नव्हतं.

पलंगावरून बाबांचा घोगरा आवाज आला. "पंख्याला विचार, भागली का त्याची तहान."

नणंदेने ताट आणून बाबांच्या पातेल्यावर आदळलं. "उद्यापासून पाच. झाकण मी ठेवणार, मीच काढणार."

चूक झाली, हे काही तिच्या तोंडून निघालं नाही. सुनेलाही तेवढ्यावर सोडवेना.

"आणि तीन दिवस त्यांची एकेक वाटी गेली ती?"

"ती हवेकडून माग," नणंद म्हणाली.

बाबा रिकाम्या वाटीची कड चाटत होते.